कोल्हीणवाले सर

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना चित्रकलेचे सर कुणी म्हणत नसे. गावात, केंद्रात, थेट जिंतूरच्या पंचायत समितीतसुद्धा ते ‘कोल्हीणवाले सर’ होते. मी बदलीनं या प्रशालेत गणित शिकवायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी शिपायानं वर्ग दाखवता दाखवता मला सावध केलं होतं. “म्याडम, ते बारके सर दिसायलेत ना, त्यांच्यासमोर कोल्ह्याचं नाव काढू नका. तास संपंल, पण ते संपायचे न्हाईत.”

मी नाव काढलं नाही. त्यांनीच काढलं. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आले, खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली, माझ्या डब्याच्या झाकणाची लांबी-रुंदी मोजली आणि म्हणाले, “मॅडम, तुमी पेडगावच्या ना? मग तुमच्या वडिलांना ती ठाऊक असणार.”

“कोण ती?”

“घंटाचोर कोल्हीण.”

वडिलांना खरंच ठाऊक होती. फोनवर विचारलं तर ऐंशीच्या घरातल्या त्या माणसानं मला अर्धा तास ती गोष्ट सांगितली. निजामाच्या काळापासून आमच्या भागात मुलांच्या हातात असलेलं ते पुस्तक. आधी उर्दूत होतं म्हणतात, मग मराठीत आलं. माझ्या पिढीपर्यंत ते शाळांतून नाहीसं झालं होतं, पण सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला ते पाठ. सरांकडची प्रत त्यांच्या आजोबांची. ती ते जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शबनम पिशवीत घालून हिंडवत.

गोष्ट लहान आहे. गावाच्या वेशीवर घंटा असते. कोल्हीण कोंबड्यांवर आली की राखणदार घंटा वाजवतो आणि गाव काठ्या घेऊन धावतं. वैतागून ती घंटाच चोरते. इथं थांबली असती तर भागलं असतं, पण तिला मिरवायची हौस. घंटा गळ्यात घालते ती सुटतच नाही. मग ती पोचायच्या आधी घंटेचा आवाज पोचतो. कोंबड्या, ससे, उंदीर, सगळे पसार. शेवटी ती वेशीवर येऊन म्हणते, घ्या तुमची घंटा. गाव म्हणतं, असू दे, तुझ्याच गळ्यात बरी आहे. ती उपाशी रानात निघून जाते. संपलं.

“ठीक आहे गोष्ट,” मी म्हणाले. “चोरी केली, भोगलं.”

सरांनी माझ्याकडे सातवीतल्या ढ मुलाकडे बघावं तसं बघितलं. “मॅडम, ही चोरीची गोष्टच नाही. भुकेची आहे.”

त्या पुस्तकात शिळाछापाचं एकच काळपट चित्र होतं. त्यावरून सरांनी सगळं मोजून ठेवलं होतं. शेपूट अंगाच्या निम्मी. डावा कान फाटका. आणि मजकुरात ती कुठंच बसलेली नाही, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उभी किंवा चालती. शाळेच्या पूर्वेच्या भिंतीवर त्यांनी ती ऑइल पेंटनं काढली होती आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ते स्वखुशीनं तिला नव्यानं रंगवत. पगार सुट्टीचाही मिळत होता, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती.

बाकी माणूस कामाला चोख. वर्गात खोडरबराला बंदी. “चुकलेली रेघ राहू द्या, शेजारी बरोबर काढा. दोघींची ओळख होऊ द्या.” परभणीला घर, बायको, मुलगी. सोमवार ते शनिवार इथं भाड्याच्या खोलीत हातानं करून खायचं. दसऱ्याला स्वेटर चढला की होळीलाच उतरणार, मग ऊन कितीही असो. गावातल्या किराणा दुकानाची पाटी तिरकी होती म्हणून ते तीन वर्षं त्या दुकानात गेले नाहीत. लांबच्या दुकानातून साखर आणली.

पण भिंतीवरची एक कोल्हीण त्यांना पुरेना. आपण काढली तशीच ती दुसऱ्या हातांतून, दुसऱ्या सामानातून उभी राहते का, हे त्यांना बघायचं होतं. ‘तशीच’ हा शब्द महत्त्वाचा. तिथंच सगळी भांडणं झाली.

पहिलं भांडण कुंभाराशी. त्याच्याकडे ते पुस्तक आणि पट्टी दोन्ही घेऊन गेले.

“सर, असले काडीवानी पाय भट्टीत टिकत न्हाईत,” कुंभार म्हणाला. “बसवा तिला.”

“ती बसत नाही. पुस्तकात ती कुठंच बसलेली नाही.”

“मग पुस्तकच भाजा की भट्टीत. मातीला कशाला तरास?”

तीन वेळा पाय मोडले. चौथ्या वेळी कोल्हीण बसली. सरांनी ती शाळेत आणून कपाटावर ठेवली आणि तीन दिवस तिच्याकडे पाठ करून बसले. मग एकदा म्हणाले, “मॅडम, बसल्यावर ती दमलेली दिसते. हे मला सुचलंच नव्हतं.” आणि लगेच, “तरीपण चूक ते चूकच.”

मग राणीसावरगावकडचा एक गोंधळी गाठला. तिच्यावर गाणं रच म्हणाले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हिचं म्हायेर कुठलं?”

“अहो, कोल्हीण आहे ती.”

“आसंल. पण बाईमाणूस हाय ना? उपाशी फिरायलीय, गाव दारात उभं करीना, तवा तिला म्हायेर आठवंल का न्हाई? म्हायेर न्हाई तर मी गाऊ काय, घंटा?”

त्यानं तिला चारठाण्याचं माहेर दिलं, तिथल्या जुन्या देवळांच्या पडवीत. शाळेच्या पटांगणात संबळ वाजला, गाणं झालं, आणि ती देवळाकडं तोंड करून उभी राहते तिथं बाया रडल्या. मी रडले नाही, शेजारणीला रुमाल दिला. सर मागं मांडीवर पुस्तक उघडून ओळींवरून बोट फिरवत बसले होते. नंतर म्हणाले, “लोक माहेरासाठी रडले. कोल्हिणीसाठी कोण रडलं?”

स्नेहसंमेलनातल्या नाटकाचं तर विचारूच नका. सरांनी आठवीतल्या एका मुलीच्या गळ्यात खरी पितळी घंटा बांधली. ती हलली की घंटा वाजे, घंटा वाजली की कोंबड्यांची वाक्यं ऐकू येत नसत, आणि लोक हसून बेजार. शेवटी गाव तिला हाकलतं तो प्रसंग आला. ती पाय ओढत निघाली, आणि प्रेक्षकांतून कुणीतरी बिस्किटाचा पुडा स्टेजवर फेकला. मुलीनं तो उचलला, फोडला आणि तिथंच खायला लागली. विंगेतून सर ओरडत होते, “खाऊ नको! अगं, खाऊ नको!” टाळ्या इतक्या की पडदा ओढणाऱ्यालाही सुचेना. नंतर ती मला म्हणाली, “मॅडम, मला खरंच भूक लागली होती. चार वाजल्यापासून रंग फासून बसले होते.”

पुण्यात कॉम्प्युटरवर चित्रं हलवण्याचं काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं सरांवरच्या प्रेमानं फोनवर बघायची छोटी फिल्म करून पाठवली. त्यात कोल्हिणीचे डोळे बशीएवढे आणि शेवटी ती कोंबड्यांबरोबर नाचते. सरांनी फोन करून विचारलं, “हे तुला कुणी सांगितलं?” तो म्हणाला, “सर, उपाशी ठेवली तर लोक पुढं बघतच न्हाईत हो.” सरांनी ती परत लावली नाही. पोरांनी मात्र ती फिल्म शंभरदा बघितली.

त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं तेव्हा मी प्रभारी मुख्याध्यापिका झाले. केंद्राची शिक्षण परिषद आमच्या शाळेत भरायची होती. सर म्हणाले, या सगळ्या कोल्हिणी एकत्र मांडू. भिंत, माती, गाणं, नाटकाचे फोटो, फिल्म. “फक्त एक राहिलीय मॅडम. कापडाची.”

वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी, आमच्या गावात शिवावी तर गयाबाईंनी. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायच्या. पासष्टीच्या, चौथी शिकलेल्या, दिवसा खुरपणीला आणि शेतात काम नसेल तेव्हा मांडीवर वाकळ. बाळंतीण घरी निघाली किंवा नवी नवरी नांदायला निघाली की वाकळ त्यांच्याच हातची जायची. सर त्यांना गोष्ट वाचून दाखवायला गेले तेव्हा मी बरोबर होते.

“पुढं?” गयाबाई म्हणाल्या.

“पुढं काही नाही. संपली.”

“आशी कशी संपली? उपाशी धाडली व्हय?”

“हो.”

त्यांनी मांडीवरची वाकळ बाजूला सारली. “बरं. द्या कापडं.”

कापडं त्यांनी शेवटी स्वतःचीच घेतली. नातवाच्या खाकी चड्ड्यांची कोल्हीण, हळदीच्या साडीतली पिवळी घंटा, खाली काळं रान. परिषदेच्या चार दिवस आधी वाकळ घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर पसरली. शेपूट निम्मी, कान फाटका, पाय चारही उभे. सरांनी पट्टी लावून बघितली आणि पट्टी खिशात ठेवली. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

“अन् भाकर घातलीय बरं का,” गयाबाई म्हणाल्या. “डाव्या कोपऱ्यात.”

“कसली भाकर?”

“वाळला कुटका. वाकळंला उपाशी ठेवत न्हाईत सर. उपाशी वाकळ पांघरणाऱ्याची झोप खाती. शेवटचा टाका घालायच्या आदी तिचं पोट भरायचं. माझ्या सासूची रीत, तिच्या सासूची रीत.”

“पण ही कोल्हीण उपाशी आहे,” सर म्हणाले. “गोष्टच ती आहे.”

“कोल्हीण वरती हाय. वाकळ माझी हाय.”

“ही पांघरायची नाही हो. टांगायची आहे.”

“टांगा न्हाईतर नुस्ती बघा. उपाशी माझ्या हातून जाणार न्हाई.”

त्या गेल्या. सर कोपरा चाचपत बसले. मी हजेरीपटातून मान वर न काढता म्हणाले, “उंदीर लागतील हं सर, भाकरीला.” एवढंच म्हणाले. पण म्हणाले, हे मी नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकानं त्या कोपऱ्याचे अकरा टाके उसवले, कुटका काढला, कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्याच रंगाच्या दोऱ्यानं कोपरा शिवून टाकला. मी समोरच होते, पण मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

परिषदेच्या आदल्या दिवशी वाकळ व्हरांड्यात दोरीवर टांगली होती. गयाबाई शेतातून परस्पर आल्या, हातात खुरपं, मागं नात. आधी लांबून बघितली. नातीला म्हणाल्या, “बग, कशी दिसायलीय.” मग जवळ गेल्या आणि डावा कोपरा चिमटीत धरला.

“हे टाके कुणाचे?”

सरांचा हात खिशातल्या पट्टीवर गेला.

“माझा टाका तांदळाएवढा, अन् जरा वाकडा आसतो. हे पट्टीनं मारल्यावानी हायेत.” त्या सरांकडं वळल्या. “भाकर कुठंय?”

सरांनी ड्रॉवर उघडून पुडी आणली आणि पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही.

“तुमाला भाकर नको होती तर तवाच म्हणायचं. मी वाकळ दिलीच नसती. माझ्या हाताखालून पोटभर गेलेली तुमी उपाशी केली, अन् वर गयाबाईची म्हणून लोकांला दावणार? उद्या एकादी बाळंतीण म्हणली, गयाबाईच्या वाकळंत भाकर नसती, तर मी कुणाकुणाच्या दारी जाऊन सांगू?”

सर काही म्हणायला गेले. गयाबाईंनी दोरीवरून वाकळ ओढली, घडी घातली आणि काखेत मारली.

मी म्हणाले, “मावशी, उद्या परिषदेला पंचायत समितीचे साहेब यायलेत.”

“मग साहेबांला दुसरं पांघरूण बघा, म्याडम.”

त्या संध्याकाळपर्यंत गल्लीत ते पसरलंच. नातीनं पाण्याच्या टाकीवर सांगितलं, तिथून पुढं गेलं, आणि फिरत फिरत उलटंच होऊन शिपायाच्या बायकोकडून माझ्या कानावर आलं: शाळेला दिलेल्या वाकळेत गयाबाईनं भाकरच घातली नव्हती म्हणे. चाळीस वर्षांचं नाव, आणि ते एका दिवसात खराब व्हायला लागलं होतं.

मी ते सरांना सांगितलं. सर खुर्चीवरून उठले, ड्रॉइंगचा जाड कागद घेतला आणि बोरूनं लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या दोरीखाली पाटी होती. अक्षर असं, की लग्नपत्रिकेला हेवा वाटावा.

‘वाकळ. शिवणार: गयाबाई. त्यांनी रीतीप्रमाणे भाकर घालून दिली होती. ती चित्रकला शिक्षकानं त्यांना न विचारता काढली. म्हणून त्यांनी वाकळ परत नेली. दोष सर्वस्वी शिक्षकाचा.’

“काढा ते,” मी म्हणाले. “नऊ वाजता साहेब येतील.”

“दोरी रिकामी दिसली तर ते विचारतील. तुमी काय सांगाल?”

“तयार झाली नाही म्हणेन.”

“म्हणूनच लिहिलं, मॅडम.”

साहेब आले. भिंत बघितली, मातीची कोल्हीण उचलून बघितली, फिल्मला हसले. दोरीपाशी थांबले. पाटी दोनदा वाचली आणि सवयीनं माझ्याकडं वळून म्हणाले, “यांचा लेखी खुलासा घ्या.”

मी पाटीकडं बोट दाखवलं. “हाच आहे, साहेब.”

त्यांनी तिसऱ्यांदा वाचली आणि पुढच्या टेबलाकडं गेले. पण दिवसभरात पालक आले, गल्लीतल्या बाया आल्या. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी मोठ्यानं वाचलं, ज्यांना येत नव्हतं त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. एक बाई सरांच्या समोरच म्हणाली, “आगं बया, मास्तरनंच काढली व्हय! आन् आमी उगी त्या म्हातारीला...” सर तिथंच हात बांधून उभे होते. मी म्हणाले होते, वर्गात जाऊन बसा. ते गेले नाहीत.

गयाबाई आल्या नाहीत. आठवड्यानं आम्हीच गेलो. त्या ओट्यावर बसून वाकळ उसवत होत्या. खाकी एकीकडं, पिवळं एकीकडं.

“अहो, मोडता कशाला?” सर एकदम म्हणाले.

“एकदा रिती केलेली पुना भरत न्हाईत.” त्यांनी मान वर केली नाही. “पाटी वाचली म्हणं सगळ्यांनी. नातीनं सांगितलं.”

“चूक माझी होती.”

“ते झालं.”

“दुसरी शिवून द्याल का?”

“मी न्हाई. तुमाला पाहिजे, तुमी शिवा.” मग माझ्याकडं बघून, “शनवारी आर्धी शाळा आसती ना म्याडम? येत जाईन. दावीन.”

दोन महिने दर शनिवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात सतरंजी पडायची. आठवीची पोरं घरून जुनं कापड आणायची. सर मधोमध मांडी घालून दाभण चालवायचे, आणि गयाबाई त्यांच्या मागं उभ्या राहून त्यांना अशा बोलायच्या की मी माझ्या सुनेलासुद्धा बोलणार नाही.

“पट्टी ठेवा तिकडं. सरळ टाका ताण बसला की सुटतो. जरा वाकडा घाला, धरून ठेवतो.”

“वाकडा येत नाही हो माझ्यानं.”

“इतकी वर्सं शाळंत काय शिकलाव मग?”

पोरं खिदळायची. सर वाकडा घालायचा प्रयत्न करायचे. कपाळाला घाम. स्वेटर होताच.

शेवटच्या शनिवारी कोल्हीण पुरी झाली. जुन्या खाकीची, घंटा नव्या कुठल्यातरी ओढणीची. कडेनं एक वीत शिवायची राहिली होती. गयाबाईंनी हात पुढं केला. “भाकर.”

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. दुपारी शाळेत खिचडी असते, भाकरी कुठून असणार? सरांनी शबनममधून आपला डबा काढला. आत दोन ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. त्यांनी नखाएवढा तुकडा तोडला.

गयाबाईंनी तो तळहातावर घेऊन बघितला. “येवढ्यानं काय व्हतंय? किती दिसांची उपाशी हाय म्हणला होता तुमी?”

सरांनी अजून तोडला. हात तसाच पुढं. अजून तोडला. पाव भाकरी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, “बास.” आणि कोपरा उचलून धरला.

सर तुकडा हातात घेऊन थांबले. पुस्तक त्यांच्या शबनममध्ये होतं, हात लांब केला की पोचेल इतकं जवळ. त्यांनी ते काढलं नाही. वाकळेकडं बघत बसले, मग हळूच विचारलं, “कोपऱ्यातच घालायची असते का?”

“कोपऱ्यात घालतात.”

“पोटाजवळ चालेल?”

गयाबाईंनी खाकी कापडावरून, अंगावरून, शेपटीवरून बोट फिरवलं. मग त्यांनीच सुईच्या टोकानं पोटाचे वीतभर टाके सैल केले आणि कापड वर उचलून धरलं.

“घाला,” त्या म्हणाल्या, आणि सरांनी मनगटापर्यंत हात आत घातला.